हात्सूच्या शेतात कोण आलं?

कुडेशेतच्या प्रेमाला गावात कुणी भांडखोर म्हणत नाही, पण तिच्याशी भांडायच्या भानगडीतही कुणी पडत नाही. बाई बोलते कमी. एकदा ‘नाय’ म्हणाली की विषय संपला. मग तुम्ही डोकं आपटा, हातापाया पडा, नाहीतर रुसून शेणव्याच्या नाक्यावर जाऊन बसा. तिचा नवरा अनंता हे तिन्ही प्रकार करून दमलेला माणूस.

तिचं माहेर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या बाजूला. वडील सावळाराम दर श्रावणात घरी पोथी लावायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा वाचायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून चौथीतल्या प्रेमाला पाटावर बसवलं. तिथं तिला जी सवय लागली ती लागलीच. हेल काढून ओळ वाचायची, थांबायचं, बसलेल्यांतल्या कुणीतरी अर्थ सांगायचा, मग पुढची ओळ. दहावी झाली, लग्न होऊन शहापूर तालुक्यात आली, पोरं मोठी होऊन कामाला लागली, तरी हेल काही गेला नाही. पेपरातली अपघाताची बातमी तिनं मोठ्यानं वाचली, तर ऐकणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात.

जपान तिच्या आयुष्यात आलं ते राजकारणामुळं. हसू नका, खरंच सांगतोय.

राज्यात पक्ष फुटायला लागले ते दिवस. आधी एकाचे दोन झाले, मग दुसऱ्याचे दोन झाले, आणि चौघंही सांगायला लागले की खरे आम्हीच. सकाळी ज्या गाडीत पुढारी बसायचा, संध्याकाळी तो तिच्यातूनच उतरेल याची खात्री नाही. मुंबईत फुटलं की आठ दिवसांत कुडेशेतात तडा जायचा. वरची आळी एका गटात गेली, खालची दुसऱ्या. वरच्या आळीचा म्होरक्या आपला अनंता. खालच्या आळीचा हनुमान. हे दोघं लहानपणी एका म्हशीवर बसून नदीवर जायचे, पण आता समोर आले तर एकजण मोबाईल बघायचा आणि दुसरा आभाळ.

अनंताच्या घरात टीव्ही सकाळी सुरू व्हायचा तो जेवताना, झोपतानाही ओरडतच असायचा. टीव्ही दमला की अनंता फोनवर ओरडायचा. प्रेमाचं डोकं उठलं. शहापूरच्या वाचनालयात ती अधूनमधून जायची. एका बाजाराच्या दिवशी तिथल्या माणसाला तिनं सरळ सांगितलं, “ज्यात मानसं वरडत नाय, असं कायतरी द्या.” त्यानं बराच वेळ कपाट धुंडाळलं आणि जपानी गोष्टींचं मराठी भाषांतर काढून दिलं. ते कुणी नेतच नव्हतं.

झालं, बाईला पुस्तक लागलं. त्यातली माणसं चहा पितात, खिडकीतून बाहेर बघतात आणि अर्ध्या पानानं एक वाक्य बोलतात. राग आला तर दार हळू लावतात. प्रेमाला वाटलं, अरे देवा, अशीही माणसं असतात! आणि गंमत म्हणजे परकी वाटेनात. भात तेच. चिखल तोच. राबात, म्हणजे बियाण्याच्या वाफ्यात, वाढवलेलं रोप उपटायचं, मुठी बांधायच्या, खाचरात वाकून लावत मागं सरकायचं, तेही तसंच. सासवासुद्धा तशाच. पुढच्या दोन वर्षांत वाचनालयातलं सगळं जपान तिनं वाचून काढलं. अनंता लोकांना सांगायचा, “आमची बायको परदेशी पक्षात गेली.”

आता धोंडीबाईचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं.

धोंडीबाईचं घर दोन्ही आळ्यांच्या मधोमध. नवरा नाही, मूल नाही, सत्तरी उलटलेली, आणि नदीकाठचं एक मोठं खाचर. कुडेशेतात आवणीला, म्हणजे भातलावणीला, मजूर लावायची पद्धत नव्हती. सावड असायची. आज सगळ्या बायका तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आणि दरवर्षी पहिली आवणी धोंडीबाईच्या खाचरात व्हायची. कुणी ठरवलं होतं ते माहीत नाही, पण तसंच चालत आलेलं. धोंडीबाई बांधावर चहाची किटली घेऊन उभी राहायची आणि सगळ्यांना शिव्या घालायची, रोपं नीट लावा म्हणून.

त्या वर्षी सावड फुटली. वरच्या आळीच्या बायकांनी वरची शेतं लावायची, खालच्यांनी खालची, असं पुरुषांनी ठरवलं. बायकांना विचारलं कुणी? मग धोंडीबाईचं काय? वरचे म्हणाले, तिचं घर खालच्या आळीत मोडतं. खालचे म्हणाले, छे, वरच्या. मतं मागायला आले तेव्हा मात्र म्हातारी दोन्ही आळ्यांची होती. पाऊस उशिरा लागला, सगळ्यांची घाई उडाली, आणि बघता बघता सगळी खाचरं हिरवी झाली, धोंडीबाईचं एक सोडून. राबातलं तिचं रोप वाढून वाढून थोराड व्हायला लागलं. अजून थोडे दिवस गेले असते, तर ते गुरांपुढं टाकायच्याच लायकीचं उरलं असतं. वर्षभराचा तांदूळ तेवढाच. म्हातारी कुणाच्या दारात गेली नाही. रोज राबावर जाऊन बघायची आणि परत यायची.

तिला सावडीत परत घ्या, हे प्रेमानं घरी सांगून पाहिलं. अनंता म्हणाला, “आमी पहिला वाकायचा? मग हनुमान गावभर सांगल ना.” बाळीनं, म्हणजे हनुमानच्या बायकोनं, तिच्या घरी सांगितलं. उत्तर शब्दाला शब्द तेच. प्रेमा आणि बाळी वीस वर्षं सावडीत शेजारीशेजारी लावायच्या. आता नळावर सुद्धा वेगवेगळ्या वेळी यायच्या.

अशात अधिक महिना लागला. अधिकात धोंडीबाईच्या ओटीवर पोथी लागायचीच. पण वाचणारे बुवा मुलाकडं कल्याणला गेलेले, आणि पोथी काढून बघितली तर वाळवीनं आतून पोखरलेली. म्हातारी प्रेमाकडं आली. “तू शिकल्याली. तुझ्याकडं हाय ना कंचीतरी पोथी? रोज वाचत बसतंस ती.”

“ती पोथी नाय गो धोंडीआय, कादंबरी हाय. जपानची.”

“त्या देवाचं नाव नाय ऐकलं. पर चालल. देव तो देव.”

प्रेमानं खूप समजावलं. जपान देव नाही, देश आहे, यात देवाचं काही नाही, एका बाईची गोष्ट आहे. धोंडीबाई म्हणाली, “पोथीत तरी काय असतंय? कुनाच्या तरी बाईचीच गोष्ट असते.” संध्याकाळी ती पुस्तक घेऊन गेली, तर ओटी सारवलेली, पाट मांडलेला, समई पेटलेली. म्हातारीनं पुस्तक हातातून घेतलं, लाल फडक्यावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि पुढं नारळ ठेवला. वाचनालयाच्या शिक्क्यावरच कुंकू लागलं.

आणि इथं गाठ बसली. कारण पोथीपुढं नारळ ठेवला की समाप्तीपर्यंत तो हलवायचा नाही. पोथी अर्धी सोडायची नाही. ऐकायला आलेल्याला उठवायचं नाही, मग तो कुणीही असो. मोडलं तर दोष गावाला. हे कुडेशेतात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पहिल्या दिवशी चारपाच जणी आल्या. तिसऱ्या दिवशी ओटी भरली. वरच्या आळीच्या बायका खांबाच्या अलीकडं, खालच्या पलीकडं. एकमेकींशी बोलायचं नाही, पण पोथीला यायला कोण अडवणार? प्रेमा हेल काढून वाचायची आणि अर्थ सांगायला बसली बाळी. तिला जपानचं ओ की ठो माहीत नव्हतं, पण त्यानं कधी कुणाचं अडलंय?

गोष्ट होती डोंगरातल्या एका गावाची. लढाई चाललेली. गेनझो नावाचा गावचा मुख्य. वरून हुकूम आला की तो घंटा वाजवायचा आणि सगळ्यांना देवळापुढं उभं करायचा. तिथं हात्सू नावाची विधवा. तिचा मुलगा लष्करातून पळून आला. गेनझोनं गावाला सांगितलं, हात्सूच्या शेतात जो पाय ठेवील तो देशाचा वैरी. आवणीचे दिवस आले. गावात सावड होती, पण हात्सूच्या बांधावर कुणी फिरकेना.

बाळी अर्थ सांगायची, “गेनझो म्हंजे त्यांचा पुढारी. घंटा म्हंजे आपला भोंगा. वरून फोन आला की हा बोंबलनार.” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बर्फ पडला तिथं ती म्हणाली, “फ्रीजमधला बर्फ आभालातून पडतो. हात्सूच्या पायात चपल नाय, बघा आता.” त्यावर कुणीच हसलं नाही. एकजण म्हणाली, “काय गो जल्माला आली बिचारी.” धोंडीबाई कोपऱ्यात गुडघे धरून ऐकायची.

गेनझोची कीर्ती पुरुषांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. हनुमानला कुणीतरी सांगितलं की प्रेमा तुझ्यावर पोथी वाचते. अनंताला दुसऱ्या कुणी सांगितलं की तुझी बायको भर ओटीवर तुझी लाज काढते. दोघांनाही खात्री, गेनझो म्हणजे मीच! दोन वर्षांत दोन्ही गटांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. एका संध्याकाळी दोघं दोन बाजूंनी येऊन ओटीसमोर उभे राहिले.

“बंद कर ते,” अनंता म्हणाला.

“बंदच करा,” हनुमान म्हणाला. अनंताकडं न बघता.

प्रेमानं पुस्तकातून मान वर केली. सगळ्या गावासमोर नवऱ्याला उत्तर द्यायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. पण आवाज निघाला तो पोथीचाच. “नारळ ठेवलाय. ज्याला पोथी मोडायची, त्यानं येऊन नारळ उचलावा. आमी सगळ्याजणी उठतो.”

समईची वात तडतडली. म्होरके एकमेकांकडं बघायला लागले, दोन वर्षांनी पहिल्यांदाच. तू उचल. नाही, तू. बाहेर पाऊस, भरलेली शेतं, अधिकाचा महिना. कोण घेणार गावाचा दोष डोक्यावर? “वाचा, वाचा, आमी कुठं नको म्हंतोय,” असं काहीतरी पुटपुटत दोघं दोन वाटांनी गेले. बायकांनी हसू दाबलं. प्रेमा पुढची ओळ वाचायला लागली.

शेवटची पानं राहिली, त्या दुपारी बाळी विहिरीवर तिची वाट बघत उभी. आजूबाजूला कुणी नाही बघून जवळ आली. “प्रेमा, खरं सांग. हात्सूच्या शेतात कोन येतं का नाय?”

प्रेमानं शेवट आधीच वाचलेला होता. “नाय येत.”

“कुनीच नाय?”

“कुनीच नाय.”

बाळीनं कळशी खाली ठेवली. “मग तू तसा वाचू नको. जपानच्या बाईला काय कलतंय? तू वाच की सगळा गाव आला, गेनझो पन आला, आवनी झाली. ऐकून बायकांना बरं वाटल. मग म्या म्हनते, चला, धोंडीआयच्या शेतात जाऊ. पोथीचा शेवट गोड असतोय गो.”

बाळीचं मन चांगलं होतं, आणि बोलणंही खोटं नव्हतं. प्रेमा घरी येऊन चुलीपुढं बसली आणि विचार करत राहिली. गोड शेवट बनवणं काही अवघड नव्हतं, दोन वाक्यांचं काम. पण तिच्या डोळ्यांपुढं येत होत्या त्या बायका. गाव आला, आवणी झाली, नारळ फुटला, प्रसाद खाल्ला, हात्सूचं भलं झालं. हुश्श करून घरी जातील आणि गाढ झोपतील. धोंडीबाईचं रोप तसंच राबात राहील. आणि दुसरं असं की ज्या कुणी ही गोष्ट लिहिली त्या माणसाला गोड करता येत नव्हतं का? त्यानं केलं नाही. मग मी कोण करणार? तिनं मनाशी ठरवलं. एक अक्षर बदलायचं नाही.

त्या संध्याकाळी ओटीवर मुंगीला जागा नव्हती. पुरुषसुद्धा अंगणात, छपराच्या पागोळ्या चुकवत उभे. प्रेमानं वाचायला घेतलं. हात्सू एकटी चिखलात उतरते. गावातली माणसं आपापल्या बांधांवरून बघतात. कुणी हाक मारत नाही. तिची कंबर धरते, ती थांबते, पुन्हा वाकते. अंधार पडायला लागतो. ती पाठ सरळ करते. मागं बांधावर रोपाच्या दोन मुठी तशाच उरलेल्या असतात.

प्रेमा थांबली. बाळीनं अर्थ सांगितला नाही. सगळ्या पुढच्या ओळीची वाट बघत होत्या.

“झालं,” प्रेमा म्हणाली.

“झालं म्हंजे?” खांबापलीकडून एकजण उसळली. “कोन आलंच नाय?”

“पान उलट ना गो, मागं असल!”

प्रेमानं पान उलटून समईपुढं धरलं. कोरं होतं.

“काय मेली मानसं!” दुसरी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “अख्खा गाव बघत बसला? एकीलाबी लाज नाय वाटली?” तिची नजर आपोआप कोपऱ्याकडं गेली. एकेक करून सगळ्यांचीच गेली. कोपऱ्यात धोंडीबाई गुडघे धरून बसलेली.

म्हातारीनं विचारलं, “फळ काय मग? पोथीच्या शेवटाला सांगतात ना, ऐकनाऱ्याला काय मिलतं?”

“लिवलं नाय, धोंडीआय.”

“असं.” ती हात टेकून उठली. बाळीनं नेहमीच्या सवयीनं नारळ फोडायला दगड पुढं सरकवला, तर म्हातारीनं पायानं तो बाजूला केला. “नारळ नाय फुटायचा. पोथी पुरी नाय झाली. दोन मुठी राहिल्यात तिच्या. उद्या माझ्या शेतात लावते मी. एकटी लावते. मग फोडीन.” आणि आत जाऊन तिनं दार लावलं. हळूच लावलं.

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. आता अर्धी पोथी सगळ्यांच्या डोक्यावर. बायका उठल्या, पायऱ्या उतरल्या. अंगणातल्या पुरुषांनी त्यांना वाट करून दिली.

सकाळी उजाडताच प्रेमानं नवऱ्यापुढं हात पसरला. “टिलरची चावी.”

“मी खालच्या आळीत पाय ठेवनार नाय.”

“नको ठेवू. चावी दे. चिखलनी मी करते.”

“तुला येतो का टिलर?”

“नाय.”

अनंतानं तिच्या तोंडाकडं बघितलं. तिन्ही प्रकारांचा उपयोग नाही हे त्याला कळलं आणि त्यानं चावी दिली. प्रेमानं टिलर खाचरात घातला तो सुरुवातीलाच बांधाला टेकला. फिरवला तर गोल फिरायला लागला. अनंता मागं मागं आला आणि बांधावर उभा राहून ओरडायला लागला, “क्लच दाब! अगो डावीकडं! कशाला जल्म दिला मना देवानं!” पण खाली उतरला नाही. बांध कुणाच्या आळीत मोडत नाही, असं त्यानं नंतर आपल्या माणसांना सांगितलं. चिखलणी झाली. वाकडीतिकडी झाली, पण झाली. धोंडीबाई तोवर राबातून रोप उपटून मुठी बांधत होती. पानं शेंड्याला पिवळी पडलेली, पण मुळं अजून पांढरी होती.

दोघी वाकल्या. थोड्या वेळानं बाळी आली आणि पलीकडच्या बांधापाशी चिखलात उतरली. तिच्यामागून खालच्या आळीच्या बायका आल्या. नदीच्या वाटेनं वरच्या आळीच्या आल्या त्या प्रेमाच्या बाजूला उतरल्या. शेजारी कशा लावणार? घरी सांगायला तोंड तर पाहिजे! वरच्यांनी वरच्या बांधाकडं तोंड केलं, खालच्यांनी खालच्या, आणि एकमेकींकडं पाठ करून लावायला लागल्या. धोंडीबाई मधूनच दोन्हीकडं शिव्या घालत फिरत होती, “दाट लावा गो! थोराड रोप हाय, एकाजागी चार काड्या घाला!”

आता भात लावताना बाई पुढं जात नाही, मागं सरकते. एकीनंही त्याचा विचार केला नव्हता. दोन्ही रांगा आपापल्या बांधापासून मागं मागं सरकत राहिल्या, मधला चिखल कमी कमी होत गेला, आणि दुपार कलायच्या सुमाराला प्रेमाची पाठ कुणाच्या तरी पाठीवर धडकली. तिनं वळून बघितलं नाही. वीस वर्षं त्या पाठीच्या शेजारी लावलेलं होतं तिनं.

“सरक की जरा,” बाळी म्हणाली.

“कुठं सरकू? तुझ्याकडंच जागा हाय.”

पुढं हिरवं, मागं हिरवं. मधे उरलेली चिखलाची एक चिंचोळी पट्टी, तिच्यात दोन्ही आळ्यांच्या बायका पाठीला पाठ लावून अडकलेल्या. बाहेर पडायचं तर एकच वाट, आणि तीही एकीमागं एक. आधी कुणी हललं नाही. मग कुठूनतरी कुणीतरी फिसकन हसलं. धोंडीबाई बांधावरून ओरडली, “उभ्या काय राहिल्या गो भवान्यांनो? ती पट्टी कोन लावनार, तुमचे नवरे?”

बाळीनं वळून प्रेमाच्या हातातल्या मुठीतली अर्धी रोपं काढून घेतली, आणि दोघी शेजारीशेजारी वाकल्या.